चौथी चीर

"बाबा, माझ्या खोक्यातली कार्डं कोणी काढली?"

अंबाजी सुतार त्या वेळी दिनानाथभाऊंच्या नव्या घराच्या तुळईवर घोड्यावर बसावं तसा बसला होता. त्यानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं, कानावरची पेन्सिल चाचपली आणि खाली पाहिलं. खाली त्याची लेक नलू रिकाम्या हातानं उभी होती. शनिवारची दुपार होती आणि पोरगी घामानं भिजली होती.

"कुठली? ती पिवळट, कडक?"

"व्हय, तीच!"

"बसवली."

"बसवली म्हणजे?"

"कुसवांत. लाकडाची टोकं खाचंत ढिली होती, तिथं पाचर म्हणून. लय भारी जिन्नस हाय गो. मी म्हटलं, पोरीनं मुंबईवरनं बापासाठी आणलं."

नलूनं कपाळावर हात मारून घेतला नाही, रडली नाही, ओरडलीही नाही. ती हळूच शेजारच्या सागाच्या ओंडक्यावर बसली. अंबाजीनं हातोडा बाजूला ठेवला तो त्यामुळेच. त्याच्या घरातल्या बायका ओरडायच्या थांबल्या की मामला गंभीर असे.

अंबाजीबद्दल चौलपासून नागावपर्यंत लोक नाना गोष्टी सांगत. म्हणत, त्यानं बसवलेल्या जोडाला फट सापडत नाही म्हणून वाळवीचं एक अख्खं वारूळ तीन दिवस खांबाला फेऱ्या मारून शेवटी निवडुंगात राहायला गेलं. म्हणत, त्याच्या रंध्याखालून निघालेल्या एका सालपावर गावच्या भटजींनी अख्खं पंचांग लिहून काढलं आणि तरी सालप उरलं. यातलं किती खरं ते सोडून द्या. पण अंबाजीनं एकदा बसवलेला जोड स्वतःच्या हातानं कधी उचकटला नव्हता, ही गोष्ट मात्र शपथेवर खरी. मिस्त्रीनं स्वतःचं काम उकलायचं म्हणजे भर रस्त्यात धोतर सोडायचं, असं तो म्हणे.

दुसरी खरी गोष्ट त्याच्या खुणेची. घराचा सांगाडा उभा राहिला की माजघराच्या मुख्य खांबावर, उंच, कुणाला सहज दिसणार नाही अशा जागी, तो पटाशीनं तीन आडव्या चिरा मारी. एक आज्याची, एक बापाची, एक आपली. त्याच्या बापानं दोनच मारल्या होत्या, आज्यानं एक. चौथी मारायला अंबाजीला मुलगा नव्हता. एकटी नलू. गावात कुणी घर बघायला आलं आणि मान वर करून चिरा मोजू लागलं की अंबाजी त्याला पान द्यायला पुढे होई.

नलू अलिबागला मॅट्रिक झाली आणि सहा वर्षांपूर्वी मुंबईला मावशीकडे गेली. तिथं बॅलार्ड पियरला तेलाच्या एका कंपनीत कार्डांना भोकं पाडायच्या नोकरीत लागली. "भोकं पाडायची?" अंबाजीनं तेव्हा विचारलं होतं. "त्याला मॅट्रिक कशाला? भोकं पाडायचा सामता दे हातात." पण आता सदुसष्ट साल होतं आणि गोष्ट बरीच पुढे गेली होती. कंपनीनं खोलीभर मोठं कॉम्प्युटर नावाचं यंत्र आणलं होतं, त्याला काय करायचं ते पायरीपायरीनं सांगणारी माणसं हवी होती, आणि साहेबानं नलूला म्हटलं होतं, एक काम तू लिहून दाखव. ते चाललं तर तू त्या टेबलावर. नाही चाललं तर पुन्हा भोकं.

"सोमवारी सकाळी आठ वाजता यंत्र मला अर्धा तास मिळणार हाय," नलू ओंडक्यावरून म्हणाली. "फक्त अर्धा तास, बाबा. पुढं दोन महिने नंबर न्हाय. चारशे अकरा कार्डं हायत. प्रत्येकावर एक हुकूम. घरी बसून एकदा डोळ्यांखालून घालावीत म्हणून आणली होती."

"मग चारशे अकरातली नऊच तर घेतली मी."

"कुठली नऊ?"

"ते कसं सांगू? एक इथनं, दोन तिथनं. आनि खोकं बी जरा कलंडलं होतं. पन मी सगळी गोळा केली हां! कडा अशा जुळवून ठेवल्यात, की सूत लावून बघ."

नलूनं डोळे मिटले. मग तिनं बापाला समजावलं, लहानपणी अंबाजी तिला समजावायचा तसंच. कार्डं एकापाठोपाठ एक यंत्रात जातात. आधीचं मागं आणि मागचं आधी झालं, तर ते यंत्र कौलं चढवून झाल्यावर पाया खणायला लागेल.

"मग नंबर न्हाय घातलेस?"

कार्डाच्या शेवटच्या कोपऱ्यात नंबराची भोकं पाडायला जागा असते. घाईत ते राहून गेलं होतं. लिहिलेले कागद मुंबईला, साहेबाच्या कुलपात. आणि उद्या रविवार.

अंबाजी तुळईवरून खाली उतरला. चौपन्न वर्षांचा माणूस, पण उतरताना नेहमी उडी मारी. आज पाय टेकत टेकत आला.

"मी बी एकदा नंबर घातले न्हवते," तो म्हणाला. "म्हणजे घातले, पण गेरूनं."

ही गोष्ट नलूनं शंभरदा ऐकली होती, पण बापाच्या तोंडून पहिल्यांदाच. सत्तेचाळीस साल. मुरुडचं एक घर सोडवून रेवदंड्याला उभं करायचं होतं. आपल्याकडे जुनं सागवान कुणी फेकत नाही. वासे, तुळया, खांब सुटे करायचे, मचव्यात घालायचे आणि दुसऱ्या गावी पुन्हा जोडायचे. तरण्याबांड अंबाजीनं झोकात सगळ्या लाकडांवर गेरूनं खुणा केल्या. वाटेत समुद्र खवळला, लाटा मचव्यात आल्या आणि रेवदंड्याच्या बंदरात उतरल्या त्या दोनशे कोऱ्या तुळया. अंबाजीनं अकरा दिवसांत घर उभं केलं. चांगलं भक्कम उभं केलं. फक्त पडवी मागच्या बाजूला आली आणि स्वयंपाकघर रस्त्यावर. गाव म्हणे, त्या घरची बाई वीस वर्षं आल्यागेल्याला आधी आमटीची चव दाखवते आणि मग बसा म्हणते.

"तवापासनं मी पटाशीनं खूण करतो," अंबाजी म्हणाला. "पण त्या अकरा दिवसांत मी शिकलो काय ठावं हाय? कुसू आपली खाच वळखतो. दुसऱ्याच्या खाचेत जात न्हाय. चल. आधी नऊ काढू."

"बाबा, तुमी बसवलेलं उचकटणार?"

"मग काय शेजारच्या गावचा सुतार बोलवू?"

आता आले दिनानाथभाऊ. ज्यांचं घर, ते. नारळी-पोफळीच्या दोन वाड्या, अलिबागच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवलेलं, त्यामुळे बोलताना प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं. छपराचं आढं चढवायचा मुहूर्त उद्या सकाळी दहा वाजून बारा मिनिटांचा होता. अंबाजीला हातोड्यानं तुळईचा कुसू मागं ठोकताना बघून भाऊंची टोपी घसरली.

"अंबाजी! अरे, हे पुढे चाललंय की मागे?"

"मागं, भाऊ."

"उद्या मुहूर्त आहे!"

"मुहूर्त आढ्याचा हाय. तुळईचा न्हाय. तुमचं आढं धा-बाराला चढंल, मग मला खालनं खांदा द्यावा लागला तरी."

"पण कारण काय?"

अंबाजीनं लेकीकडे बोट दाखवलं. "तिच्या कामाची लाकडं माझ्या कामात गेली."

दिनानाथभाऊंना कार्ड म्हणजे काय ते समजून घ्यायला पाव तास लागला आणि समजल्यावर ते इतके रंगले, की स्वतःच शिडी धरून उभे राहिले. काम सरळ होतं, पण जिवावरचं. जुनं लाकूड आक्रसतं, कुसू खाचेत सैल होतो. मग त्यात पाचर म्हणून अंबाजी सुपारीच्या वाळक्या विरीचा, म्हणजे झावळीच्या बुडाच्या सालीचा, तुकडा घाली. विरी जाड पडे, तासावी लागे. नलूचं कार्ड कसं, न तासता बरोब्बर. त्या सकाळी त्याला वाटलं होतं, देवानं सुतारासाठीच हे पान केलंय. आता एकेक पान तो चिमटीनं, दम धरून बाहेर ओढत होता. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. एकजण म्हणाला, "काय मिस्त्री, चुकलं वाटतं?" अंबाजी खाली न बघता म्हणाला, "व्हय. चुकलं." आयुष्यात पहिल्यांदा. आणि आश्चर्य म्हणजे आभाळ कोसळलं नाही. एक कावळा तेवढा उडाला.

दिवेलागणीपर्यंत आठ निघाली आणि त्यांच्या जागी विरीच्या पाचरी बसल्या. कोपरे दुमडलेले, पण भोकं शाबूत. नववं मुख्य खांबाच्या माथ्यात होतं. त्याच्यावर चार बाजूंच्या तुळयांचा भार. ते काढायचं तर अख्खा सांगाडा उतरवायचा, दहा माणसं आणि दोन दिवस.

अंबाजी खांबाला हात लावून उभा राहिला. मग भाऊंकडे वळून म्हणाला, "भाऊ, मुहूर्त पुढं न्यावा लागंल."

भाऊंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी नलू बोलली. "न्हाय बाबा. ऱ्हाऊ द्या ते."

"तुझी नोकरी..."

"एका कार्डासाठी घर उतरवतात का कोण? उरलेली चारशे दहा नीट लागली, तर कुठलं गेलं ते मला कळंल. रिकामी खाच दिसली की कुसू कसा होता ते तुमी सांगता ना? तसंच."

अंबाजीनं खांबावरचा हात काढला. त्याला आठवलं, ही आठ वर्षांची असताना त्याचा रंधा घेऊन एक फळी गुळगुळीत करायला बसली होती. अंबाजीची आई ओरडली, पोरीच्या जातीनं हत्याराला शिवू नये. फळी चांगली झाली होती. हे अंबाजीला दिसलं होतं. तरी त्यानं रंधा तिच्या हातातून काढून घेतला होता.

रविवारी तांबडं फुटताच अंगणात दोन चटया अंथरल्या गेल्या. वारा लागू नये म्हणून अंबाजीच्या बायकोनं, आवडाबाईनं, चारी बाजूंना पराती उभ्या करून त्यांना नारळांचा टेका दिला आणि कोंबड्या टोपलीखाली कोंडल्या. नलू कार्डाच्या माथ्यावरची बारीक अक्षरं वाचून गठ्ठे पाडत होती. पण काही कार्डांवर "अमक्या जागी जा" असा हुकूम होता आणि ती अमकी जागा दुसऱ्याच कुठल्या कार्डावर, डाव्या कोपऱ्यात. अशा साठेक जोड्या जुळवायच्या होत्या. नलूची दमछाक होऊ लागली.

अंबाजीला अक्षर येत नव्हतं. त्यानं एक कार्ड उचललं आणि उगवत्या उन्हावर धरलं. भोकांतून ऊन त्याच्या गालावर पडलं.

"ही तीन भोकं, अशी, पायरीवानी. ह्यो कुसू?"

"व्हय. ते जागेचं नाव."

"मग ही पायरी जिच्या डाव्या कोपऱ्यात, ती खाच."

आणि अंबाजी सुरू झाला. लाकडाच्या रेषा वाचायची सवय असलेला डोळा. चाळीस वर्षं हजार तुळयांतून एकीची जोडीदारीण हुडकलेली. तो कार्ड उन्हाला लावी, हुं म्हणे, आणि चटईच्या दुसऱ्या टोकाचं नेमकं कार्ड उचलून शेजारी ठेवी. नलू पडताळून बघे. बरोबर. परत बरोबर. आवडाबाई म्हणाली, "पत्ते पिसताना बी हे असंच करत असत, म्हणून ह्यांच्याशी कोण खेळत न्हाय."

"नलू," कार्ड लावता लावता अंबाजीनं विचारलं, "चुकलं तर काय करता गो तुमी?"

"कार्ड फेकायचं. दुसरं करायचं."

"मजा हाय. आमी सागवान फेकलं तर मालक आमाला फेकंल."

"पण तुमची चूक तुमाला लगेच दिसते. खांब कलला की ओळंबा सांगतो. माझी चूक सहा महिने गपचीप बसते. आनि एक दिवस मुरुडला जायची रॉकेलची पिंपं माणगावला जाऊन पडतात."

"मग मुरुडचे लोक?"

"अंधारात."

अंबाजीचा हात थांबला. "म्हणजे हे रॉकेलचं हाय?"

"कुठल्या बंदरात किती पिंपं, कधी धाडायची, ते यंत्रानं सांगायचं. त्याचंच काम."

अंबाजीनं ओसरीच्या खुंटीवरच्या कंदिलाकडे पाहिलं, जणू तो आजपर्यंत काही लपवून बसला होता.

"आनि टिकतं किती वर्सं?"

"दोन. फार तर चार. मग नवं यंत्र येतं, सगळं नव्यानं लिहायचं."

"चार वर्सं?" आवडाबाई म्हणाली. "माझी चूल जास्त टिकते."

"चूल टिकते आई, पण रोज सारवतेसच ना?"

अंबाजीनं हातातलं कार्ड चटईवर ठेवलं. त्याचं काम शंभर वर्षं उभं राहायचं, हाच त्याचा तोरा होता. पण शंभर वर्षं उभं राहतं म्हणूनच गावात आता नवं काम नव्हतं. दिनानाथभाऊंच्या घरानंतर कुणाचा सांगावा आलेला नव्हता. लोक सिमेंटचे खांब ओतायला लागले होते. नलूचं चार वर्षांत मोडतं, म्हणून तिला जन्मभर काम. हा हिशेब त्याला उलटा वाटला, आणि मग सुलटा वाटला. त्यानं तो तसाच सोडून दिला.

"बायकांना शिवू देतात यंत्राला?"

"यंत्राला कुठं कळतंय, कार्ड कुनाच्या हातचं ते."

अंबाजीनं पुढचं कार्ड उन्हाला धरलं, पण त्याला नीट दिसेना. डोळ्यांत भुसा गेला असावा. रविवार होता, आणि अंगणात भुसा नव्हता.

दहाला तो उठून गेला, दहा वाजून बारा मिनिटांनी भाऊंचं आढं चढवलं, नारळ फोडला आणि पेढा तोंडात तसाच ठेवून परत आला. साडेअकराला शेवटचं कार्ड लागलं. नलू पहिल्यापासून वाचत गेली. एकशे सत्त्याण्णवाशी थांबली. त्याच्यापुढचं कार्ड काहीतरी वजा करायला बसलं होतं, पण वजा करायचं ते अजून कुणी आणूनच दिलं नव्हतं.

"हितं," ती म्हणाली. "हितली खाच रिकामी हाय."

"काय होतं तिथं?"

"मागच्या महिन्याची शिल्लक पिंपं उचलून आण, असा हुकूम." तिनं तो कागदावर लिहून घेतला. "सकाळी सातला जाऊन नवं कार्ड करते."

ती गठ्ठ्याला दोरी बांधणार तोच अंबाजीनं हात धरला. गठ्ठा उभा केला, कडा जुळवल्या आणि कानावरची पेन्सिल काढून कार्डांच्या वरच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरपी रेघ ओढली. फळ्या तासायला सुट्या करण्याआधी तो ओढायचा तशीच.

"आता सांडली तरी भ्यायचं न्हाय. रेघ मोडली तिथं कार्ड चुकलं."

नलू त्या रेघेकडे बघतच राहिली. "एवढं सोपं?" मग म्हणाली, "बाबा, हे आमच्या हाफिसात कुनाला ठावं न्हाय."

"सांग त्यांना. फुकट हाय."

एकच्या एस.टी.नं ती रेवसला गेली, तिथून लाँचनं मुंबईला. खोकं मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेलं. एस.टी.च्या धुळीत अंबाजी कितीतरी वेळ उभा होता. कंडक्टर नंतर सांगत सुटला, की त्या पोरीनं खोक्याचंही अर्धं तिकीट काढलं.

सोमवारी अंबाजीनं हातोडा तीनदा स्वतःच्या बोटावर मारला. मंगळवारी दोनदा. गुरुवारी पोस्टकार्ड आलं. दिनानाथभाऊंनी ते नव्या घराच्या पडवीत उभं राहून, चष्मा पुसून, वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं:

"ती. बाबा व आई यांस सा. न. पहिल्या फेरीला यंत्र अडलं. माझा एक स्वल्पविराम राहिला होता. साहेब घड्याळ बघत होते. ते कार्ड बदललं. बाविसाव्या मिनिटाला चाललं. रेवदंड्याला चाळीस पिंपं निघाली. माझं टेबल बदललं. सगळेजण गठ्ठ्यावर रेघ ओढायला लागले आहेत. पेन्सिली संपल्या म्हणून साहेबांनी डझनभर मागवल्या. नववं कार्ड कसं आहे?"

आवडाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि मग त्याच पदरानं भाऊंच्या घरची नवी खिडकी पुसायला लागली. उगाच.

अंबाजीनं शिडी मुख्य खांबाला लावली. घराचा सांगाडा उभा झाला होता, खूण तेवढी राहिली होती. माथ्यापाशी तुळई आणि खांबाच्या मध्ये पिवळट रंगाची केसाएवढी कड बाहेर डोकावत होती. अशी कड त्यानं कधी ठेवली नसती. एरवी पटाशीच्या एका फटक्यात ती साफ झाली असती. त्यानं पटाशी लावली. मग काढून घेतली. अंगठ्यानं ती कड एकदा चाचपली आणि तशीच राहू दिली.

मग त्यानं खाली चीर मारली. एक. दोन. तीन.

"झालं का रे?" खालून भाऊंनी विचारलं.

"न्हाय," अंबाजी म्हणाला, आणि पटाशी एक बोट खाली सरकवली.